गुरांच्या डॉक्टरांची हिरवी मोटार

जगात कुठलीही वस्तू मरत नाही, तिचा आजार तेवढा लोकांना ओळखता येत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला उभ्या आयुष्यात भेटला आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातंच मुळात विचित्र. ना रक्ताचं, ना आवडीनिवडीचं; एकाच सासऱ्याच्या दारात दोघं वेगवेगळ्या मुहूर्तांवर सापडले, एवढाच काय तो संबंध. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान सांगलीला गुरांचे डॉक्टर होते आणि मी तिथल्याच एका हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. विश्रामबागेत तेव्हा घरं थोडी आणि माळ फार. आमची बिऱ्हाडं एकमेकांना लागून होती, मधे एक पडकं कुंपण होतं. ते कुंपणही साडूंनी एकदा दुरुस्त केलं आणि तेव्हापासून ते आमच्या बाजूला कललं.

दिवसभर म्हशी-बैलांत राहून त्यांची माणसाकडं बघायची नजरही तशीच झाली होती. घरी पाहुणा आला की ते नमस्कार करत नसत. पाठीवर दोन थापा मारत, एकदा डोळ्यांकडं बघत आणि पाहुण्याची तब्येत मनातल्या मनात नोंदवून टाकत. माझी धाकटी मुलगी जेवत नाही म्हणून बायको काळजीत होती, तर हे कुंपणावरून म्हणाले, "कान बघा. कान गार असले तर काळजी करायची. कान ऊन आहेत ना? मग खाईल. चारा बदलून बघा." आमचे सासरे एकदा चार दिवस राहायला आले. ते खुर्चीतून उठताना साडूंनी त्यांच्याकडं टक लावून पाहिलं आणि भर पंगतीत जाहीर केलं, "मागच्या उजव्या पायात कसर आहे." सासऱ्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांचा उजवा गुडघा टम्म सुजला, आणि मग अबोला आणखी वाढला.

वस्तूंच्या बाबतीत तर त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, आणि धरायला हवा होता असं आम्हा सगळ्यांचं मत होतं. बंद पडलेलं घड्याळ, उसवलेली छत्री, मुका झालेला रेडिओ, काहीही टाकून द्यायला निघालं की हे वाटेत आडवे. "टाकता कशाला? जीव आहे अजून." अक्कांचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी बरं केलं, तेव्हापासून ते बाराच्या ठिकाणी तेरा ठोके देऊ लागलं. अक्का चिडल्या, तर म्हणाले, "एक जास्तच देतंय ना? कमी तर देत नाही." माझ्या सायकलीवर त्यांनी एका रविवारी शस्त्रक्रिया केली. सोमवारी शाळेत जाताना लक्षात आलं की ब्रेक दाबला की घंटी वाजते. मी तक्रार केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "मास्तर, यात वाईट काय? तुम्ही थांबणार हे लोकांना आधीच कळतं." तेव्हापासून शाळेच्या फाटकाशी मी घंटी वाजवतच थांबू लागलो.

असा माणूस एका संध्याकाळी सायकल कुंपणावर आदळून माझ्या ओसरीवर आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, सापडली."

काय सापडली ते समजण्यासाठी त्यांच्या आईवडिलांविषयी थोडं सांगायला हवं. साडूंचे वडील, आबा, फलटणच्या एका वकिलांकडं सव्वीस वर्षं मोटार चालवत होते. वकिलांची गाडी विलायती, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, काळ्या कापडी टपाची. त्या काळी आसपासच्या गावांत मोटार म्हणजे हीच. आबा रोज पहाटे ती धूत, चामड्यानं पुसत, आणि मगच स्वतः आंघोळ करत. पुढं वकील वारले, मुलांनी गाडी विकून टाकली, आबा घरी बसले. म्हातारा-म्हातारी फलटणजवळ एका वस्तीवर, चार खणांच्या घरात राहत होती. ती गाडी शोधून काढायची, पहिल्यासारखी करायची आणि आईवडिलांच्या दारात नेऊन उभी करायची, असं साडूंनी कधीतरी मनाशी धरलं होतं. त्यासाठी ते चार वर्षं भंगारवाले, गॅरेजवाले आणि जुने ड्रायव्हर यांच्याकडं चकरा मारत होते. आणि आता ती सापडली होती. कराडशेजारी मलकापुरात. एका म्हातारीच्या परड्यात. तिच्यात कोंबड्या राहत होत्या.

पुढच्या रविवारी ते मला मलकापूरला घेऊन गेले. परड्यात बाभळीखाली ती मोटार गुडघे टेकून बसली होती. म्हणजे चारही टायर नव्हते. टप नव्हता, काचा नव्हत्या, बॉनेटच्या आत इंजिनाच्या जागी गवत होतं आणि मागच्या गादीवर तीन कोंबड्या पाय पोटाशी घेऊन अशा बसल्या होत्या की जणू चौथीची वाट बघताहेत आणि मग निघणार आहेत. मला ते बघून हसू आलं. साडूंना भरून आलं. त्यांनी मडगार्डावर थाप मारली. मडगार्ड गळून पडलं.

"जीव आहे," ते म्हणाले.

म्हातारी मात्र ऐकेना. कमरेवर हात ठेवून तिनं सांगितलं, "न्हाई जमायचं. माझी कोंबडी मग कुठं अंडी घालायची? दुसऱ्या खुराड्यात घालत न्हाईत त्या. लाडावल्यात."

"म्हातारे, मी तुला नवं खुराडं करून देतो."

"आसल्या गाद्या घालशील का त्यात?"

तीन रविवार आम्ही त्या परड्यात जाऊन हात हलवत परत आलो. चौथ्या रविवारी गेलो तर म्हातारी दारातच रडत बसलेली. म्हैस व्यायला झाली होती, रेडकू आडवं आलं होतं, पहाटेपासून म्हैस तळमळत होती. साडूंनी सदरा काढून माझ्या हातात दिला, बाह्या नसलेल्या बंडीवर गोठ्यात शिरले आणि दोन तासांनी कोपरापर्यंत माखलेले हात घेऊन बाहेर आले. आत रेडकू उभं राहायची खटपट करत होतं. म्हातारीनं पाण्याची घागर त्यांच्या हातांवर ओतली. मोटारीचा विषय साडूंनी काढला नाही. मी खुणावलं तरी काढला नाही. निघताना म्हातारीच म्हणाली, "अरं लेका, ती मोटार घेऊन जा की. पण खुराडं मोठं कर."

साडूंनी सुताराकडून खरंच खुराडं करवून घेतलं. चार खिडक्यांचं, आत गाद्या घातलेलं. मोटार दोन बैलगाड्या एकमेकींना जोडून, वर तराफ्यासारखी ठेवून कराडपर्यंत आणली आणि तिथून ट्रकवर घालून सांगलीला. विश्रामबागेत उतरवून घेतली तेव्हा पुढच्या गादीखालून एक तांबडी कोंबडी निघाली. सरळ उतरून ती अक्कांच्या स्वयंपाकघरात गेली. तिला दुसऱ्या दिवशी टोपलीत घालून, टोपलीवर पत्ता लिहून, यष्टीच्या कंडक्टरच्या हवाली केली. म्हातारीचा निरोप आला, कोंबडी पोचली, पण प्रवासानं वाळली.

मग दोन वर्षं विश्रामबागेत शांतता नांदली नाही. इंजिन कराडजवळच्या एका गुऱ्हाळावर सापडलं. तिथं ते उसाचा चरक फिरवत होतं आणि त्याच्या नळ्यांत काकवी गोठली होती. साडूंनी ते ऊन पाण्यानं आठ दिवस शेकलं. दवाखाना सुटला की ते गळ्यातला स्टेथास्कोप न काढताच मोटारीकडं यायचे. इंजिनाला स्टेथास्कोप लावून डोळे मिटून ऐकायचे. मिरजेचा एक म्हातारा मिस्त्री त्यांच्या मदतीला येई, पहिल्यांदा त्यानं हे पाहिलं तेव्हा तो हसला, दुसऱ्यांदा त्यानं कान लावला, आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "डॉक्टरसाब, जरा हमको भी दो." शेवटी दोघांत स्टेथास्कोपवरून भांडणं होऊ लागली.

याच काळात जतकडचा एक मेंढपाळ गडी घोंगडं खांद्यावर टाकून घरी आला. डॉक्टर घरीच असतात, असं त्याला दवाखान्यातून सांगितलं होतं. अंगणात मोटार आणि मोटारीखालून बाहेर आलेले दोन पाय, एवढंच त्याला दिसलं.

"डाक्टर, मेंढरं लय खोकत्यात वं."

"कधीपासून?" मोटारीखालून आवाज आला.

"झालं की आठ दीस."

"जीभ बघू."

त्या बिचाऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं, गुडघ्यावर बसला, मोटारीखाली मान घातली आणि स्वतःची जीभ बाहेर काढली. साडूंनी बॅटरीच्या उजेडात ती नीट पाहिली आणि म्हणाले, "तुझी बरी आहे. मेंढरांची उद्या बघायला येतो." आणि दुसऱ्या दिवशी चाळीस मैल जाऊन ते खरोखर बघून आले. कामात त्यांनी कधी हयगय केली नाही, हेही इथं सांगायला हवं. मोटारीवरून लोक त्यांना हसत, पण जनावर आजारी पडलं की त्यांच्याच अंगणात येत.

रंगाचं प्रकरण सहा महिने चाललं. बाटलीसारखा हिरवा म्हणजे नेमकी कुठली बाटली, यावरून सुरुवात झाली. औषधाची, सोड्याची, केसांच्या तेलाची अशा बाटल्या ओळीनं खिडकीत मांडल्या गेल्या. मग रंग कालवून तो लावून बघायचा. मोटारीला लावून चुकला तर? म्हणून आधी पाण्याच्या पिंपाला लावला, मग न्हाणीच्या दाराला, मग अक्कांच्या पाटाला, आणि एका सकाळी माझी सायकल हिरवी झालेली मला दिसली. "तुमच्या सायकलीवर जमला बघा," ते आनंदानं ओरडले, "तुम्ही नशीबवान आहात." अक्का कधी रागावून, कधी हसून सगळ्यांना सांगायच्या, "माझ्या नवऱ्याला विचारलं, मी आजारी पडले तर काय कराल? तर म्हणतात, आधी हिचं कार्बोरेटर बसवू दे." पण दुपारच्या वेळी मोटारीच्या गाद्यांची खोळ शिवत बसलेलं मी अक्कांनाच पाहिलं आहे. काळं जाड कापड सुईला दाद देत नसे, बोटं टोचून लाल होत.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मी त्यांना एकदाच विचारलं. ते मोटारीखाली होते, मी बाहेरून नट पिळायचे पाने देत बसलो होतो. माणसाचा चेहरा दिसत नसला की तो खरं बोलतो.

"मी पाच-सहा वर्षांचा असेन," मोटारीखालून ते सांगू लागले. "आई मला घेऊन माहेरच्या जत्रेहून पायी घरी निघाली होती. दहिवडीचा रस्ता. चैत्राचं ऊन. माझे पाय भाजत होते, ती मला थोडं कडेवर घेई, थोडं चालवी. मागून मोटारीचा आवाज आला. वळून बघतो तर आबा! गाडीत दुसरं कुणी नाही. वकिलांना दहिवडीला सोडून रिकामी गाडी परत चालली होती. मी तर उड्याच मारायला लागलो. गाडी जवळ आली, हळू झाली, अगदी माणूस चालतो इतकी हळू झाली. आणि तशीच पुढं गेली. मालकाच्या हुकमाशिवाय गाडीत कुणाला घ्यायचं नाही, असा आबांचा कायदा. आम्ही धुरळ्यात उभे. मी भोकाड पसरलं. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, 'रडू नगं. हळू केली की न्हाई त्यांनी? आपल्यासाठीच केली हळू.' आई त्या गाडीत कधीच बसली नाही, मास्तर. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. जरा तो बारका पाना द्या."

मी पाना दिला.

दिवाळीच्या सुट्टीत मोटार निघाली. अक्कांनी तिच्यात बसायला साफ नकार दिला. "मी यष्टीनं पुढं जाते. तुम्ही पोचेपर्यंत फराळाचं करून ठेवते," असं म्हणाल्या, आणि त्यांचं सगळं करून, आवरून, दुसऱ्या दिवशीची भांडीसुद्धा घासून झाली तेव्हा आम्ही पोचलो. तासगाव, विटा, मायणी, दहिवडी असा आमचा रस्ता. साडू मोटार चालवायला मिस्त्रीकडून शिकले होते, पण त्यांचा विश्वास गिअरपेक्षा तोंडावर जास्त होता. थांबायचं झालं की ब्रेक दाबत आणि वर "हो, हो, हो" म्हणत. चढ आला की "चल बाळा, चल" सुरू. समोरून म्हैस आली की मोटार थांबवून आधी तिचे डोळे बघत. माझ्याकडं एकच काम होतं. मांडीवर एक मोठा दगड घेऊन बसायचं आणि मोटार चढावर थांबली की उडी मारून तो मागच्या चाकाखाली लावायचा. तिथून निघाली की दगड उचलून मोटारीमागं पळायचं आणि चालत्या गाडीत चढायचं. विट्याच्या पुढं शेतातल्या बायका कामं थांबवून माझ्याकडं बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "आगं, ह्यो बाबा दगूड घिऊन कुठं चाललाय?" मोटारीविषयी ती काही बोलली नाही. मोगराळ्याचा घाट तर उताराचा. तिथं साडूंनी मला दगडासकट चालत पुढं पाठवलं, म्हणजे गरज पडलीच तर मी खाली आधीच हजर. मधे एक मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी दुपारी, अंगावर धुळीचा एक एक थर घेऊन आम्ही वस्तीवर पोचलो.

आबा दारात बाजेवर बसले होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे, बोलायला अत्यंत काटकसरी. मोटार अंगणात शिरली, "हो, हो" झालं, थांबली. साडू उतरले. इतकी वर्षं मनात घोळवलेलं भाषण त्यांच्याजवळ असणार, पण ते नुसते मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, आणली."

आबा उठले. मोटारीभोवती एक फेरी मारली. मडगार्डावरून बोट फिरवून बोटाला लागलेली धूळ बघितली. धोतराच्या सोग्यानं दिव्याची काच पुसली. आई पदर डोक्यावर ओढून उंबऱ्यात उभी होती. ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मोटारीवरून की लेकावरून, ते कळलं नाही.

"आई, तू अन् आबा मागं बसा," साडू म्हणाले. त्यांनी मागचं दार अदबीनं उघडून धरलं. "मी चालवतो."

"मागं?" आबा म्हणाले. "मागं बसायची सवं न्हाई मला." आणि ते सरळ पुढं जाऊन चाकामागं बसले.

"मग आई, तू तरी मागं बस. मालकिणीसारखी."

"मला कशाला रं मागं?" आई म्हणाली. "ह्यांच्या डोस्क्याची मागली बाजू बघू का?" आणि तीही फेरी मारून पुढं जाऊन बसली. शेवटी मागच्या गादीवर मी आणि साडू, दोन वकील बसावेत तसे बसलो. अक्का अंगणात पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आणि मग मोटार चालली. मी दीड दिवस जिच्या मागं दगड घेऊन पळालो ती हीच मोटार, यावर माझा विश्वास बसेना. धक्का नाही, खडखड नाही. आबांच्या हाताखाली ती नुसती सरकत होती. साडू माझ्या कानात कुजबुजले, "आपण हिला उगाच 'चल बाळा' म्हणत होतो." आबांनी कुणाला न विचारता गाडी दहिवडीच्या रस्त्याला घेतली. आई ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. तीन-चार मैल गेल्यावर आबांनी वेग कमी केला. गाडी हळू झाली, माणूस चालतो इतकी हळू झाली, आणि मग पूर्ण थांबली. रस्त्यावर कुणी नव्हतं. एक बाभूळ होती आणि रस्त्याकडेला तापलेली धूळ. आबा समोर बघत राहिले. आईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, मग बाहेर पाहिलं. थोड्या वेळानं आबांनी गाडी वळवली. माझ्या शेजारी साडूंनी रुमाल काढून नाक शिंकरलं, ते इतक्या मोठ्यानं की आबा म्हणाले, "सर्दी झाली व्हय रं?"

परत आल्यावर आई आणि साडू घरात गेले. मी उतरत होतो, तर आबांनी मला हातानं थांबवलं. ते अजून चाकामागंच होते आणि त्यांचा हात डॅशबोर्डाच्या खालच्या बाजूनं काहीतरी चाचपत होता.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "एक बोलू का? ही ती गाडी न्हवं."

मी उतरता उतरता परत गादीवर बसलो.

"वकिलांच्या गाडीला हितं खाली म्या खिळ्यानं नाव कोरलं हुतं. पोराच्या आईचं. एका टायमाला रस्त्यात घ्यायाला पायजे हुती, घेतली न्हाई. दुसऱ्या दिशी मालक कोरटात गेलं, तवा खिळा घेतला न् कोरलं. म्हनलं, मानूस बसलं न्हाई तर नाव तरी बसंल."

"आबा, रंग दिलाय. बुजलं असेल."

"खिळ्यानं कोरल्यालं रंगानं बुजत न्हाई." त्यांनी हात बाहेर काढला. "पोरानं दोन वरसं घातली हिच्यात. तवा त्याला ह्यातलं काय बोलू नगा. लय गुनाचं हाय."

मी कबूल केलं. पण पोटात हे ठेवून दिवाळीचा फराळ खाणं सोपं नव्हतं. परतताना मोटार वस्तीवरच राहिली आणि आम्ही तिघं यष्टीनं निघालो. मायणीला गाडी थांबली, अक्का डुलकी घेत होत्या, आम्ही दोघं चहाला उतरलो. साडूंनी बशीत चहा ओतला, प्यायला नाही, आणि म्हणाले, "मास्तर, कुणाला सांगणार नसाल तर सांगतो. ती वकिलांची गाडी नव्हे."

मी माझी बशी बाकावर ठेवली.

"वकिलांची गाडी पुण्याला तोडली हो. केव्हाच. ज्यानं तोडली त्याला मी भेटून आलो. मलकापूरची ही तिची बहीण. तीच बनावट, तेच साल. रंग मात्र मूळचा काळा होता. म्हणून तर मला हिरवा इतका नेमका हवा होता. खोटं बोललो, पण..." ते थांबले. "आबांना कळलं नाही ना?"

मी भूगोलाचा मास्तर. नकाशावर चुकीचं गाव दाखवणाऱ्या मुलाला मी आयुष्यभर छड्या मोजून दिल्या. पण त्या दिवशी मायणीच्या स्टँडवर मी डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोललो. "नाही," म्हणालो, "त्यांनी लगेच ओळखली. हीच ती, म्हणाले."

साडूंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांनी चहा एका घोटात संपवला आणि चहावाल्याच्या म्हशीची चौकशी सुरू केली.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी हे ओझं वाहिलं. बाप मला बाजूला घेऊन विचारायचा, "बोलला न्हाई न्हवं त्याला?" आणि लेक कुंपणावरून विचारायचा, "आबा गाडीबद्दल काही म्हणाले का?" मोटार मात्र मजेत होती. आबा ती रोज धूत. बाजारच्या दिवशी आईला घेऊन फलटणला जात. वस्तीवरचं कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतीण अडली, तर हीच मोटार धावे. आणि रस्त्यात पायी चालणारं कुणीही दिसलं, ओळखीचं असो नसो, की आबा थांबत. नाही म्हणणाऱ्यालासुद्धा बसवून घेत. एकदा तर विरुद्ध दिशेला निघालेल्या एका पाहुण्याला त्यांनी आग्रहानं फलटणला नेऊन सोडलं. मग एका थंडीत, दोन दिवसांच्या तापानं, आबा गेले.

मी काही महिन्यांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, साडूंबरोबर वस्तीवर गेलो. आई अंगणातल्या मोटारीत, पुढच्या सीटवर, सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. साडू विहिरीवर हातपाय धुवायला गेले. मला राहवलं नाही. गप्प राहायला सांगणारे आबा आता उरले नव्हते, आणि कुणाला तरी सांगून मोकळं व्हावं असं झालं होतं. मी तिला सगळं सांगितलं. आबांचं, लेकाचं, माझ्या खोटेपणाचं. तिनं एक खडा सुपातून काढून बाहेर टाकला.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "दोघंबी मनातली गोस्ट मनात ठिवायच्या लायकीची न्हाईत. झोपंत बोलायचं त्ये. आन् ह्यो बी बोलतो."

"मग तुम्हांला वाईट नाही वाटलं? ती गाडी नाही म्हणून?"

"का वाटंल? ती वकिलाची हुती, मास्तर. ही माझी हाय."

एवढं बोलून ती पुन्हा तांदळाकडं वळली. साडू ओल्या हातांनी परत आले. सवयीनं त्यांनी आईच्या कानाला हात लावून बघितला. ऊन होता. मग ते फेरी मारून चाकामागं जाऊन बसले. मी मागं टेकलो. संध्याकाळची उन्हं उसाच्या शेंड्यांवर आली होती आणि कालव्याकडून गार वारा सुटला होता.

"कुठं जायचं, आई?" साडूंनी विचारलं.

"कुठं न्हाई रं," ती म्हणाली. "बस नुसता."

आणि आयुष्यात हातावर हात ठेवून कधी न बसलेला तो माणूस, कशालाही हात न लावता, अंधार पडेपर्यंत तिच्या शेजारी नुसता बसून राहिला.